टिल्ट आणि डायनॅमिक इक्यू: सात महिन्यांच्या वापरानंतर

मिक्समध्ये आवाज बोचायला लागला की माझा हात सरळ ३ किलोहर्ट्झकडे जायचा. तिथे चार डेसिबल कापायचे, आवाज मऊ झाला म्हणून समाधान मानायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऐकावं तर गायिका गोधडी पांघरून गातेय असं वाटायचं. सात महिन्यांपूर्वी ही सवय मोडायची ठरवली. इक्यू म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींची पातळी कमी-जास्त करणारं साधन, टिल्ट आणि डायनॅमिक हे त्याचे दोन प्रकार. तेव्हापासून आधी टिल्ट, मग डायनॅमिक, हा क्रम मी सोडलेला नाही.

टिल्ट म्हणजे तराजूची दांडी. मधल्या एका फ्रिक्वेन्सीवर, बहुधा ६५० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या आसपास, ती टेकलेली असते. ट्रेबल वर गेला की बेस तेवढाच खाली येतो. कल्पना जुनीच आहे, १९८० च्या दशकात क्वाड ३४ या प्रीअँप्लिफायरवर टिल्टचा नॉब होता. पहिले काही आठवडे मी तीन-तीन डेसिबल फिरवत होतो आणि गिटार पातळ होत होती. मग लक्षात आलं की एक डेसिबल फिरवला तरी दोन टोकांमध्ये दोन डेसिबलचा फरक पडतो. आता दीडच्या पुढे क्वचितच जातो. मुख्य म्हणजे, ज्याला मी ‘३ किलोहर्ट्झचा त्रास’ समजत होतो, तो निम्म्या वेळा अख्ख्या ट्रॅकचा कल उजळ असल्याचा त्रास निघाला. अर्धा डेसिबल उलट्या बाजूला झुकवलं की काम भागतं, काहीही कापावं लागत नाही. टिल्ट कॉम्प्रेसरच्या, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाच्या, आधी लावून पाहा. बेस हलका झाला की कॉम्प्रेसर त्याच्यावर कमी दचकतो आणि सगळा ट्रॅक मोकळा वाटतो.

तरीही जे उरतं, ते डायनॅमिककडे, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला तरच कापणाऱ्या इक्यूकडे. यासाठी मी टोकियो डॉनचा मोफत मिळणारा नोव्हा हा प्लगइन वापरतो, त्यातले चार डायनॅमिक बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) मला पुरून उरतात. कडव्यात हळू गाणारी गायिका ध्रुवपदात जोर लावते तेव्हाच ३ किलोहर्ट्झ टोचतो. मग कडव्यालाही तिथे कात्री का लावायची? थ्रेशोल्ड, म्हणजे ती ठरलेली पातळी, असा ठेवतो की कडव्यात बँड जागचा हलत नाही आणि वरच्या सुरांवर दोन-तीन डेसिबल खाली येतो. गायक माइकच्या जवळ सरकला की २०० हर्ट्झला जी फुगवटी येते, तिच्यावरही हाच उपाय. मल्टिबँड कॉम्प्रेसरपेक्षा हे मला जास्त पटलं. आवाजाचे पट्टे वेगळे करणारे त्याचे क्रॉसओव्हर फिल्टर बहुतेक वेळा काही दाबलं जात नसतानाही फेज (लाटांची एकमेकींशी असलेली वेळ) फिरवत असतात, इथे मात्र बँड शांत असेल तर सिग्नल जसाच्या तसा जातो.

एका चुकीपायी माझे बरेच दिवस गेले. बेसवर ६० हर्ट्झला अगदी झटपट रिलीज (दाबलेला बँड पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) ठेवला होता आणि आवाज खरखरत होता. ६० हर्ट्झची एक लाट जवळपास १७ मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याहून लहान ठेवला तर इक्यू लाटेच्या आतच खालीवर होतो आणि डिस्टॉर्शन येतं. आता खालच्या बँडला १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी देत नाही.

आणि बायपास करून, म्हणजे इक्यू तात्पुरता बंद करून, तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्याच. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. स्क्रीनवर नाचणारी रेघही तितकीच फसवी आहे, मी ती खिडकी बंद करून ऐकतो.

एका ठिकाणी मात्र डायनॅमिक अजून उपयोगी पडलेला नाही. वादकांसोबत एकाच खोलीत रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ड्रमच्या झांजा गायकाच्या माइकमध्ये शिरतात. ७ किलोहर्ट्झच्या बँडला ‘स’ कुठला आणि झांज कुठली हे कळत नाही. झांज वाजली की तो गायकाचा आवाज दाबतो. तिथे मी अजूनही एकेक ‘स’ शोधून हाताने खाली घेतो.