लेटेकमधला एमसीक्यू पेपर: चार पर्याय एका ओळीत बसेपर्यंत

लेटेक म्हणजे मजकुरातच आज्ञा लिहून छपाईचं पान जुळवणारी प्रणाली. ती ज्या ऑनलाइन एडिटरवर चालवून मी इतके महिने फुकटात पेपर काढत होते, त्याने ऐन टेस्टच्या आदल्या रात्री हात वर केले. कम्पाइलची, म्हणजे लिहिलेल्याची पानं बनवण्याची, वेळ संपली म्हणे, पैसे भरा. दरमहा पैसेच मोजायचे तर जुना डीटीपीवाला काय वाईट होता? रात्रीच लॅपटॉपवर पूर्ण टेक लाइव्ह, म्हणजे लेटेकचा सगळा संच, उतरवून घेतलं. काही जीबी जागा गेली, पण आता ना इंटरनेट लागतं ना कोणाची मेहेरबानी. हे आधीच करायला हवं होतं असं ज्यांना वाटतंय, त्यांचं बरोबर आहे.

मी इंदूरला, सुदामानगरात, अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवते. दर आठवड्याला टेस्ट, पेपर हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत. ‘एक्झाम’ क्लास, म्हणजे लेटेकमधला प्रश्नपत्रिकेचा तयार साचा, कसा चालतो ते वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मुद्दा एकच: पर्यायांची मांडणी.

त्यातलं पर्याय मांडणारं ‘चॉइसेस’ एन्व्हायर्नमेंट प्रत्येक पर्याय नव्या ओळीवर टाकतं. उत्तरं ‘५ न्यूटन’, ‘१० न्यूटन’ एवढीशी, आणि उजवीकडे पाऊण पान कोरं! हिशेब करा. तीस प्रश्नांचे पर्यायच एकशेवीस ओळी खातात. एकेका ओळीत बसले तर तीस. अकरा पॉइंटात ए-फोरच्या पानावर पन्नासच्या आसपास ओळी मावतात. म्हणजे दर मुलामागे जवळजवळ एक पाठपोट कागद निव्वळ हवा छापण्यात जातो, आणि झेरॉक्सचे पैसे माझ्या खिशातून.

मग त्याच साच्यातलं ‘वनपारचॉइसेस’ घेतलं. ते सगळे पर्याय परिच्छेदासारखे सलग ओततं. रकाने जुळत नाहीत, आणि पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा चौथा पर्याय खालच्या ओळीत एकटा. तेव्हा मी मैत्रिणीला कळवून टाकलं होतं की हे सगळं फिजूल आहे, वर्डमध्ये टेबल कर आणि मोकळी हो.

हे मत ‘टास्क्स’ या लेटेकला वेगळ्या जोडायच्या पॅकेजने बदललं. कंसात ४ लिहा, चार रकाने. २ लिहा, दोन. पेपरभर ‘ब’खाली ‘ब’ अगदी ओळंब्यात. पहिला पेपर छापून आला तो मी बराच वेळ नुसता बघत बसले. पण आकडा दर प्रश्नाला आपणच सांगायचा. शिवाय बरोबर पर्यायावर खूण करणारं ‘एक्झाम’मधलं ‘करेक्टचॉइस’ त्यात चालत नाही. एक ‘प्रिंटआन्सर्स’ लिहिलं की बरोबर पर्याय ठळक होऊन उत्तरतालिका तयार, हे सुख सोडायला मी तयार नव्हते.

शेवटी पंधरा-वीस ओळींचा मॅक्रो, म्हणजे स्वतःची नवी आज्ञा, लिहिला. चारही पर्यायांची रुंदी ‘सेटटूविड्थ’ने मोजायची. सगळ्यात लांब पर्याय पाव ओळीत मावला तर चौघे एका ओळीत, अर्ध्या ओळीत मावला तर दोन-दोन, नाहीतर एकाखाली एक. मोजताना ‘(अ)’ हे लेबलही धरायचं, नाहीतर कडेचा पर्याय शेजाऱ्याला चिकटतो. मॅक्रोला चार पर्याय द्यायचे आणि पाचव्या जागी बरोबर उत्तराचा क्रमांक. ‘इफप्रिंटआन्सर्स’ खरं असेल तेव्हाच तो ठळक. झेरॉक्सवाल्या भैयाने गठ्ठा हातात तोलून विचारलं, "मॅडम, इस बार पन्ना कम है क्या?" एवढी दाद मला पुरली.

आता त्रास. कार्यक्षमतेच्या प्रश्नात पर्याय ‘२५%’ असा सरळ टाइप केला की टक्क्याच्या चिन्हापासून ओळीचा उरलेला भाग लेटेक टिप्पणी समजून गिळतं, बंद होणारा महिरपी कंसही त्यातच जातो, आणि मग भलत्याच ओळीचा नंबर दाखवून ‘रनअवे आर्ग्युमेंट’ असा एरर. टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ द्यायची, इतकंच. पण हे त्या संदेशातून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

हिंदीसाठी झीलेटेक (लेटेकचा युनिकोड चालवणारा प्रकार) आणि फाँट निवडायचं ‘फाँटस्पेक’ पॅकेज चांगलं चालतं. फाँट देताना स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं मात्र सांगावं लागतं, नाहीतर ‘स्थितिज ऊर्जा’तल्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे जाऊन बसतात. लेबलं ए-बी-सी-डी येतात, ती ‘दचॉइस’ बदलून अ-ब-स-द केली. (घरी सवय अ-ब-क-डची, त्यामुळे तपासताना अजून माझी बोटं अडतात.) प्रश्न खाली आणि पर्याय पुढच्या पानावर असं होऊ नये म्हणून ‘नीडस्पेस’ वापरते. त्याने पानाच्या तळाशी जागा सुटते आणि वाचवलेला कागद परत जातो की काय अशी धाकधूक, म्हणून तिथे एखादा छोटा प्रश्न उचलून आणते.

वर्षाला दोन पेपर काढणाऱ्यांनी यात पडू नये, वर्ड बरं. दर आठवड्याला काढत असाल तर जरूर घ्या, फक्त ‘योग्य आलेख ओळखा’ छापाचे प्रश्न जपून. चित्रांची रुंदी मॅक्रो नीट मोजतो, पण लेबल आलेखाच्या पायाशी जाऊन बसतं. ‘ॲडजस्टबॉक्स’ने चित्र वरून जुळवून घ्यावं लागतं.