ताईच्या जबाबासाठी घेतलेली सपोर्ट सर्व्हिस

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा पोलीस स्टेशनात ती समोर बसलेली असूनही सगळे मलाच विचारत होते, मग मीच दुभाषा झालो आणि आता कळतंय की ते चुकलंच, भावासमोर कुठली बाई सगळं मोकळेपणाने सांगेल? नंतर पीडितांना मदत करणाऱ्या एका संस्थेची सर्व्हिस घेतली. त्यांनी साइन लँग्वेजचा ट्रेन्ड इंटरप्रिटर दिला, जबाबाचा व्हिडिओ करायला लावला (खुणांवरून लिहून घेताना अर्थ बदलू शकतो म्हणून), आणि कोर्टाची खोली आधीच दाखवून आणली, कोण कुठे बसतं, इंटरप्रिटर कुठे उभा राहील, थकल्यावर ब्रेक कसा मागायचा, सगळं. साक्षीच्या दिवशी ताई स्वतःचं स्वतः बोलली, मी बाहेर बसून रडलो.

खटकलं एकच, हेल्पलाइन फक्त कॉलवर! ऐकू न येणाऱ्याने काय करायचं? मेसेजची सोय द्याच. आणि हे उपकार नाहीयेत, संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात न्याय मिळण्यासाठी कलम १३ आहे, पोलिसांच्या ट्रेनिंगचंही त्यात आलंय. चार स्टार, मेसेज सुरू झाले की पाचवा देतो.