विज्ञानकथा ऐकायची तर एकटा वाचक की अख्खी नटमंडळी?

विज्ञानकथा किंवा फँटसी कानाने वाचायची सवय लागली की दोन-चार पुस्तकांतच हा पेच समोर येतो. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या दिसतात. एकीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच माणूस वाचतो. दुसरीत प्रत्येक पात्राला वेगळा नट, मागे संगीत, यानाची घरघर, तलवारींचा खणखणाट. नमुना ऐकून ठरवायला गेलात तर दुसरीच घ्याल. पाच मिनिटांच्या नमुन्यात नाट्यरूप जवळपास नेहमीच जिंकतं. प्रश्न आहे तो पुढच्या तीस-चाळीस तासांचा.

कुठलं ॲप चांगलं, यात मी पडत नाही. स्टोरीटेल २०१७च्या अखेरीस भारतात आलं, ऑडिबल त्यानंतर वर्षभराने, आणि ज्याला ऐकायचं त्याने आपापली सोय केव्हाच लावून घेतली आहे. पैसे भरल्यावर कुठली आवृत्ती उतरवून घ्यायची, एवढाच इथला विषय.

नाट्यरूपातही दोन जाती आहेत, आणि त्या वेगळ्या धरायला हव्यात. एक म्हणजे सरळसरळ श्रुतिका. कादंबरी बाजूला ठेवून संवाद नव्याने बेतलेले असतात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घ्या. बीबीसीने १९८१ मध्ये त्याची अर्ध्या-अर्ध्या तासाच्या २६ भागांची मालिका केली, म्हणजे साधारण १३ तास. रॉब इंगलिसने एकट्याने केलेलं संपूर्ण वाचन मात्र ५० तासांच्या पुढे जातं. मधले तास गेले कुठे? वाटचालीत, इतिहासात, डोंगर-नद्यांच्या वर्णनांत आणि गाण्यांत. ती गाणी इंगलिस स्वतः गातो. त्याची गाणी ऐकताना पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं होतं, पुढे तीच हवीशी वाटतात. बीबीसीची मालिका कमअस्सल आहे, असं मात्र कोणी समजू नये. त्यात फ्रोडो झालेला इयन होम वीस वर्षांनी सिनेमात बिल्बो झाला, यावरून नट कुठल्या तोलाचे होते ते कळावं.

दुसऱ्या जातीत शब्द बहुतेक मूळचेच राहतात. निवेदक असतो, पण ‘तो म्हणाला’, ‘ती ओरडली’ एवढं काढून संवाद नटांना वाटून दिलेले असतात, आणि वर आवाजांची फोडणी. आजकाल जास्त दिसते ती हीच.

श्रुतिकेबद्दल माझी मुख्य शंका अशी, की विज्ञानकथेत निवेदन ही भरताड नसते. कौटुंबिक कादंबरी संवादांवर तरून जाईल. पण यानातून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला किती वेळ लागतो, त्या ग्रहावर गुरुत्व किती, जादू कशाच्या मोबदल्यात मिळते, हे सगळं निवेदनात असतं आणि कथेचा पीळही त्यातच असतो. ते कापलं की पात्रांनाच एकमेकांना शिकवायला बसावं लागतं. ‘कॅप्टन, तुम्हाला ठाऊकच आहे की आपलं इंधन...’ ठाऊक आहे ना, मग सांगतोस कशाला? आकाशवाणी जळगावची नभोनाट्यं ऐकत वाढलेल्या कानांना ही युक्ती ओळखीची आहे: ‘अरे! हे काय? तुझ्या हातात पिस्तूल!’ रेडिओवर ते खपून जायचं, कारण अर्ध्या तासात सगळं उरकायचं असायचं.

याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ मुळात पुस्तक नव्हतंच. मार्च १९७८ मध्ये ते बीबीसी रेडिओ ४ वर मालिका म्हणून सुरू झालं, कादंबरी आली १९७९ मध्ये. जे कानासाठीच जन्मलं ते नटांच्याच तोंडून ऐकावं. तिथे मी बिनतक्रार नाट्यरूपाच्या बाजूने आहे.

आता उच्चारांचं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, छापील पानावर पोसलेलं. एकच वाचक असला की पहिला अर्धा तास कान त्याच्याशी जुळवून घेतो आणि मग पुस्तक संपेपर्यंत चिंता नसते. मंडळी असली की दर प्रसंगात नवा माणूस, नवी ढब. एक अमेरिकन, एक लंडनचा, आणि बुटक्यांना स्कॉटिश हेल द्यायची तिकडे काय चाल पडली आहे कोण जाणे. ज्यांची मुलं पुण्याला इंग्रजी मालिका बघत वाढली त्यांना हा त्रास कदाचित होणार नाही. मला होतो.

वेगाचंही आहे. वर्णन लांबलं की मी सव्वापट करतो. एकट्या वाचकाचा आवाज तेवढं सहज सोसतो. नाट्यरूपात पार्श्वसंगीतही सव्वापट धावतं आणि राजाची अंत्ययात्रा वरातीसारखी वाजू लागते.

त्यातून मी एकाच कानात इयरफोन घालतो. नाट्यरूपात आवाज डाव्या-उजव्या कानांत वाटलेले असतात, त्यामुळे एका कानाने ऐकणाऱ्याला उजवीकडे उभा असलेला सेनापती लांबून कुजबुजल्यासारखा येतो. यावर उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीत, मोनो ऑडिओ चालू करायचं, म्हणजे दोन्ही बाजू एकाच कानात येतात. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ते उगाच पुस्तकाला नावं ठेवतात.

ज्याला उपाय नाही ते वेगळंच निघालं.

मी ऐकतो ते बहुतेक रात्री, शेतात. आमची केळी सातपुड्याच्या पायथ्याच्या अंगाला. शेतीची लाइट आलटून-पालटून, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की स्टार्टरचं बटण दाबायचं, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि पुढचा व्हॉल्व्ह फिरवायची वेळ होईपर्यंत बांधावर बसायचं. पुस्तक ऐकायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. फक्त एक कान मोकळा ठेवायचा, कारण रानडुकरं येतात, आणि अधूनमधून बिबट्याच्या बातम्याही येतात. केळीच्या बागेत वाळलेली पानं वाऱ्याने सारखी वाजत असतात. कुठली सळसळ वाऱ्याची आणि कुठली नाही, हे शेतकऱ्याच्या कानाला कळतं.

आणि अशा जागी मी एक फँटसी नाट्यरूपात लावली. नायक अरण्यातून चाललेला. मागे पाचोळा वाजला. मी बॅटरी फिरवली, काही नाही. पुन्हा वाजला, पुन्हा बॅटरी. मग लांबून एक खोल गुरगुर आली आणि मी इयरफोन उपटून उभाच राहिलो. बाग शांत. गुरगुर पुस्तकातली होती. पुढे पुढे तर असं व्हायला लागलं की खरोखर काही खसपसलं तरी मी ते कादंबरीतलं समजून बसून राहायचो, आणि ते जास्त वाईट. दर मिनिटाला इयरफोन काढून खात्री करायची, मागे जाऊन तेच वाक्य परत ऐकायचं. त्यात मोटार बंद पडल्याचा आवाज चुकला की पाणी कुठल्या ओळीपर्यंत पोचलं ते सकाळी शोधत बसा. आवाज कमी करून पाहिला, तर नटांचं कुजबुजणं गेलं आणि गुरगुर तशीच राहिली.

एकट्या वाचकाच्या पुस्तकात हीच अरण्यं येतात, हीच जनावरं येतात, पण ती शब्दांत येतात. ‘मागे पाचोळा वाजला’ हे माणूस सांगतो, त्याची भीतीही वाटते, पण खरा पाचोळा माझ्या मोकळ्या कानासाठी शिल्लक राहतो. मी तेव्हापासून रात्रीसाठी एकच वाचक पक्का केला.

तुमच्याकडे केळी नसतील. पण एसटीत, मोटारसायकलवर, स्वयंपाकघरात, दुकानाच्या गल्ल्यावर असा मोकळा कान प्रत्येकालाच लागतो. भुसावळहून रोज जळगावला रेल्वेने जाणारा माझा भाचा मात्र नाट्यरूपाचा कट्टर. त्याचं म्हणणं, ‘मामा, गाडीत इतका कालवा असतो की एकाच्या वाचण्याने झोप लागते. मला लढाई लढाईसारखी ऐकू यायला पाहिजे.’ दोन्ही कान बंद करून बसायची सोय असलेल्या माणसाचं हे म्हणणं मला पटतं. फक्त गाडीचा खडखडाट आणि पार्श्वसंगीतातले खर्जाचे सूर एकमेकांत मिसळतात आणि शब्द बुडतात, हे त्यालाही मान्य आहे. तो आवाज वाढवतो.

मधला रस्ताही आहे आणि तो अनेकांना मानवेल. ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या नवरा-बायकोने मिळून वाचली आहे. प्रकरण कुणाच्या नजरेतून आहे त्यावरून वाचक बदलतो. चौदा खंडांच्या पसाऱ्यात हा मोठा आधार आहे. आणि आवाजाची करामत नेमकी वापरली तर काय होतं ते ‘प्रोजेक्ट हेल मेरी’त कळतं. वाचक एकच, रे पोर्टर. पण कथेतलं एक पात्र सुरांत बोलतं, आणि ते सूर खरोखर ऐकू येतात. तेवढेच, बाकी काही नाही. छापील पुस्तकात ती गंमत कल्पनेवर सोडावी लागते. २०२२ मध्ये ‘ऑडी’ पुरस्कारांत ते वर्षाचं सर्वोत्तम श्राव्य पुस्तक ठरलं, त्याचं मला नवल वाटलं नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर निवड सोपी आहे. आपली विज्ञानकथा स्पर्धा आणि दिवाळी अंकांत वाढली, म्हणून ती आटोपशीर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, ते याच आखूड पल्ल्याच्या प्रकारात. एवढ्या लांबीत सहा नटांची ओळख होईतो कथाच संपते. त्यापेक्षा नीट सांगणारा एक माणूस बरा. काही वाचक शास्त्रीय संज्ञा आली की अडखळतात आणि भावूक वाक्य आलं की नको तितके विरघळतात, तेवढं नमुन्यात तपासून घ्या. नमुना संवादाचा नको, एखाद्या कंटाळवाण्या वर्णनाचा ऐका. तिथे वाचक टिकला तर पुढे कुठेही टिकेल.

तेव्हा मुलाबाळांना घेऊन गाडीने नाशिकला निघाला असाल, सगळ्यांनी मिळून ऐकायचं असेल, किंवा पुस्तक आधी वाचून झालेलं असेल, तर नाट्यरूप खुशाल घ्या, मजा येईल. पहिल्यांदाच, एकट्याने, हातातलं काम करत ऐकणार असाल तर माझ्या मते एकटा वाचक घ्यावा. सध्या ऐकत असलेल्या मालिकेचा पुढचा भाग मला फक्त नटमंडळींच्या आवृत्तीत मिळाला. तो उतरवून ठेवला आहे, दिवसाच्या लाइटचा आठवडा आला की लावीन.