सोसायटीच्या गेटचा आरएफआयडी टॅग, सहा-सात महिने वापरल्यावर

खारघरला आमच्या सोसायटीने गेटवर बूम बॅरिअर बसवून सगळ्यांच्या गाडीच्या काचेवर आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी गाडी ओळखणारे टॅग चिकटवले त्याला सहा-सात महिने झाले. टॅग चांगला चालतो, पावसात हॉर्न मारत थांबायचं आणि वॉचमनकाकांनी भिजत धावत यायचं हे बंद झालं. फक्त काचेला मेटलचं कोटिंग असेल तर गेटवरच्या रीडरला टॅग सापडतच नाही, आमच्या विंगमधल्या एकांची गाडी रोज अडकायची, मग हेडलाइटवर लावायचा टॅग दिला तेव्हा कुठे सुरळीत झालं.

पण लोकांच्या मनात या टॅगमधल्या चिपबद्दल काय काय बसलंय ते ऐकून खरंच वाईट वाटतं. शेजारच्या काकूंना वाटतं यात जीपीएस आहे, पोरगा गाडी घेऊन कुठे जातो ते कमिटीला कळतं. अहो, यात बॅटरीसुद्धा नसते! पातळ अँटेना आणि तिच्यावर मोहरीपेक्षा बारीक चिप, रीडरच्या लहरींवरच ती चालते, आपला नंबर सांगते आणि बंद, गेटपासून थोडं लांब गेलात की संपलं. फास्टॅगचंही तेच, 865 ते 867 मेगाहर्ट्झवर नुसता नंबर जातो, पैसे खात्यात असतात आणि नोंदणी झालेल्या टोल-पार्किंगवाल्यांनाच मिळतात. काच पुसणारा मुलगा घड्याळाने फास्टॅग स्कॅन करून पैसे काढतो तो 2022 चा व्हिडिओ फास्टॅगचे व्यवहार सांभाळणाऱ्या एनपीसीआयने तेव्हाच खोटा ठरवला तरी आमच्या ग्रुपवर अजून येतोच. वाशी-ऐरोलीला ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांना टोल नाही म्हणून काहींनी फास्टॅग खरवडून काढलाय, अटल सेतूला गेले की अडकतात.

टॅप करायच्या बँक कार्डाची काळजी त्यातल्या त्यात रास्त आहे, पिनशिवाय 5000 रुपयांपर्यंत जाऊ शकतात, पण मशीन अगदी चार-पाच सेंटीमीटरवर यावं लागतं, आणि बँकेच्या ॲपमधून टॅप बंद करता येतं, त्यासाठी लहरी अडवणारं महागडं पाकीट कशाला.

मला धास्ती वाटते ती वॉचमनच्या केबिनमधल्या स्क्रीनची. गाडी आली की फ्लॅट नंबर, नाव, मोबाईल, वेळ सगळं मोठ्या अक्षरात येतं, खिडकीशी उभा असलेला कुरिअरवालाही आरामात वाचतो, आणि खाली सरकवलं की जुन्या नोंदी आहेतच. कुठला फ्लॅट दुपारी रिकामा असतो, नाइट ड्युटीवरून कोण एकटी किती वाजता येते हे कुणालाही बसल्या बसल्या काढता येईल. चिपला घाबरून टॅग काढणाऱ्यांपैकी एकानेही याबद्दल विचारलेलं नाही. सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीला मी विचारलं हा डेटा किती दिवस ठेवता, तर म्हणे कमिटीला विचारा, आणि कमिटी म्हणते कंपनीला विचारा.

म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी (एजीएम) लेखी दिलंय, स्क्रीनवर फक्त गाडीचा नंबर आणि हिरवा-लाल दिवा दिसावा, जुन्या नोंदी महिन्याने पुसाव्यात, आणि त्या कोणी उघडल्या ते सेक्रेटरींकडे नोंदलं जावं. तुमच्या सोसायटीत हे आधीच केलं असेल तर ठरावात नेमकं काय लिहिलंत ते टाका इथे, मला लगेच लागणारे.