मिरजेची म्हणून घेतलेली फाशांची पेटी

मे महिन्यातला रविवार. सांगलीच्या विश्रामबागेत मित्राच्या घरी खेळायला बसलो, पेटी उघडली आणि वीस बाजूंचा फासा खाचेतून निघेना. नख घालून उचकटला तेव्हा चर्रर्र आवाज आला. काळ्या अस्तरावर सोनेरी १७ उलटा उमटला होता आणि फाशावर १७ च्या जागी नुसता खळगा. बोट लावलं तर चिकट.

पेटी १,४५० रुपयांची. आमच्या गटाने मिळून सहा घेतल्या होत्या. म्हणजे ८,७०० रुपये, आणि ते गोळा करून पाठवणारा मी. म्हणून हे मीच लिहायला हवं.

आम्ही खेळतो तो डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. त्याला सात फाशांचा संच लागतो: चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे, शिवाय शेकड्यासाठी दहा बाजूंचाच आणखी एक. सगळे नुसते पिशवीत कोंबले तर धातूचे फासे रेझिनच्या (प्लॅस्टिकसारख्या कडक) फाशांच्या धारा उडवतात आणि चार बाजूंच्या फाशाची टोकं कापडातून बाहेर डोकावतात. सात खाचांची पेटी ही काही चैन नव्हे. (‘फाशांची पेटी मागवलीय’ म्हटल्यावर आई दचकून बघायला लागली होती, ते वेगळं.)

जानेवारीत इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. अस्सल शिसवी लाकूड, आत खरं चामडं, ‘मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांच्या हातची’. इथेच मी पाघळलो. दिल्ली-मुंबईचा विक्रेता असता तर दहा प्रश्न विचारले असते. पण मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदनं चालली होती. सतार करणारे हात आता फाशांच्या पेट्या करतायत, या कल्पनेनेच आम्ही खूश. सांगलीहून मिरज किती, दहा किलोमीटर. ‘येऊन घेऊन जाऊ का?’ असं मी विचारलंही होतं. ‘दादा, कारागीर घरून काम करतात, दुकान नाही. कुरिअरच बरं पडेल,’ असं उत्तर आलं, आणि मला ते पटलं!

अर्धे पैसे आधी, अर्धे माल पाठवायच्या वेळी. मधे मी व्हिडिओ मागितला. लगेच आला. पेटी सुरेख होती, झाकणाचं लोहचुंबक टक् करून बसत होतं. पेटीखालच्या टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग होता आणि त्या गोलाला एका बाजूने तडा गेलेला. घरगुती वाटलं, विश्वास आणखी बसला. उरलेले पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं. ‘भावाचं खातं आहे,’ म्हणाला. इतकं होऊनही मी पिन टाकला.

आलेल्या पेट्या पहिल्या दिवशी वाईट नव्हत्या, हीच खरी गोम. उघडल्यावर गोंदाचा उग्र वास आला, तो नव्या चामड्याचा म्हणून आम्ही कौतुकाने हुंगला. उन्हाळा लागला, पेटी स्कूटरच्या डिकीतून फिरली, आणि मग १७ गेला.

असं का झालं ते शाळेच्या कंपासपेटीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खोडरबर महिनाभर प्लॅस्टिकच्या पट्टीला टेकून राहिला की पट्टी तिथे विरघळल्यासारखी होते, रबर चिकटून बसतो. मऊ पीव्हीसीत ते मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट रसायन हळूहळू शेजारच्या कडक प्लॅस्टिकमध्ये उतरतं. उष्णतेत लवकर. आमचं ‘चामडं’ म्हणजे रेक्झिन होतं. कोपरा उचकटून पाहिला तर मागे विणलेलं कापड. खऱ्या चामड्याची मागची बाजू तंतूतंतूंची, खरबरीत असते. हे पाहायला पाच सेकंद लागतात. मला चार महिने लागले.

लाकडाचं काय, म्हणून पेटी घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. जाहिरातीतलं नाव तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या चाचांनी हातातला तानपुरा बाजूला ठेवला, पेटी उलटी केली आणि पटाशीने तळाचा कोपरा जरासा खरवडला. पिठासारखी भुकटी पडली. ‘शिसव अशी पडत नाही बाबा. हा दाबलेला भुस्सा, वरून कागद.’ मग थोडं थांबून, ‘आमच्या गल्लीचं नाव लावून विकतात काय?’ मला त्यांच्याकडे बघवेना.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी ‘उन्हात ठेवलं असेल दादा’, मग ‘बदलून देतो, पण कुरिअरचे १५० रुपये पेटीमागे पाठवा’, आणि मी नाही म्हटल्यावर ब्लॉक. बरं झालं निदान ते ९०० वाचले.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण विक्रेत्याचं खरं नाव-पत्ता विचारल्यावर मी गप्प. माझ्याकडे एक हँडल, एक बंद नंबर आणि त्या ‘भावाचं’ नाव. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क उघड द्यावा असा २०२० पासून नियम आहे. हे सगळं मी पैसे देण्याआधी मागायला हवं होतं. पैसे घेऊन माल पाठवलाच नसता तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, तातडीने फोन करायचा, हेही तेव्हाच कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, पण समोरचा पक्ष कोण हे तर लिहावं लागतंच. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मी काढलेले नव्हते आणि खातं तोवर उडालं होतं. व्हिडिओ तेवढा फोनमध्ये राहिला.

आता माझे फासे आजीच्या पान-सुपारीच्या बटव्यात असतात. सुती कापड, तीन कप्पे, धातूचे एकीकडे, रेझिनचे दुसरीकडे. थोडा कातासारखा वास येतो, पण चिकटत काही नाही.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मित्राने एक व्हिडिओ पाठवला. ‘सावंतवाडीच्या लाखकाम करणाऱ्या कारागिरांची पेटी आहे, घेऊ का? तिकडचा माणूस आहे, फसवणार नाही.’ झाकण टक् करून बसलं. मी व्हिडिओ थांबवून मोठा केला. टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, एका बाजूने तडा गेलेला.