बी-फोर: लिनक्स कर्नलला ड्रायव्हरचा पॅच पाठवायचाय तर हे टूल घ्याच

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनचं रीडिंग कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावणारे भरपूर आहेत, आणि नवीन अडॅप्टरचा आयडी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये नसला की पोर्ट दिसतच नाही. दुरुस्ती बऱ्याचदा एका ओळीची, व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि वस्तूचा नंबर) टेबलात घालायचे, बास. पण ती ओळ कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचवायची कशी इथंच पोरं अडतात, खानापूर-निपाणीकडची पण हेच विचारालेत म्हणून लिहितोय.

बी-फोर (b4) म्हणजे असा बदल, म्हणजेच पॅच, मेलनं पाठवायचं टूल, फुकट आहे, पायथनमधलं, पिपनं बसतं. कर्नलचं काम अजून साध्या टेक्स्ट ईमेलवर चालतं, एचटीएमएल मेल घेतच नाहीत, आणि जीमेलमध्ये पॅच पेस्ट केला की टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. हा सगळा ताप बी-फोर स्वतःकडे घेतं. प्रेप कमांडनं ब्रांच (कोडची वेगळी फांदी) काढा, ऑटो-टू-सीसी दिलं की त्या ड्रायव्हरचे मेंटेनर (तो कोड सांभाळणारे) कोण ते शोधून देतं, चेक दिलं की चेकपॅच ही चुका शोधणारी स्क्रिप्ट चालवतं. मला सगळ्यात आवडलं ते रिफ्लेक्ट, मेल फक्त आपल्यालाच येतो, नीट बघून घ्या मग खरा पाठवा, पहिल्यांदा पाठवणाऱ्याची भीती निम्मी तिथंच जाते बघा. हॉस्टेलच्या नेटवर एसएमटीपी (मेल पाठवायचा नेहमीचा मार्ग) बंद असलं तरी कर्नल डॉट ऑर्गच्या वेब सोयीतून जातं. दुसरी आवृत्ती काढताना व्ही-टू आपोआप लागतं, कोणी रिव्ह्यूड-बाय (मी तपासलंय अशी ओळ) दिलं असेल तर ट्रेलर्स कमांडनं तेही गोळा होतं.

कमिट मेसेज (बदल काय आणि का ते) मात्र तुम्हालाच लिहायचाय. नुसतं ‘ड्रायव्हर अपडेट’ लिहून चालत नाही ओ, अडॅप्टर कुठला, चिप कुठली, आता काय होत नाही ते सांगा, यूएसबी-डिव्हायसेस कमांडचं आउटपुट जोडा. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं लिहून देणं, तेव्हा नाव नीट घाला. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबा, मर्ज विंडोचे (कर्नलमध्ये नवे बदल घ्यायचे) दोन आठवडे असतील तर अजून जास्त.

5 पैकी साडेचार. अर्धा कमी कारण वेब सोयीसाठी सही करायची डिजिटल किल्ली बनवायचं काम नवख्याला जड जातं, कोणी शेजारी बसून दाखवलेलं बरं. आणि एका आयडीचा पॅच म्हणून कमी समजू नका, नवीन आयडी स्टेबल कर्नलमध्येही (आधी निघालेल्या, दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या आवृत्त्यांत) घेतात, म्हणजे जुन्या कर्नलवर चालणाऱ्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरलाही नुसत्या अपडेटनं तो अडॅप्टर दिसायला लागतो.