अँबॅसॅडर डिझेलचा क्राऊन-पिनियन बदलून घेतला : अक्कलकोट रोडवरील गॅरेजचा अनुभव

आमची अँबॅसॅडर १९८६ सालची, १४८९ सीसीच्या डिझेल इंजिनाची आणि चार गिअरची आहे. इंजिन चार वर्षांपूर्वी पूर्ण उतरवून केले होते, पंप आणि नोझलही तपासून घेतले होते. तरीही सोलापूर-पुणे महामार्गावर गाडी साठाच्या पुढे गेली की इंजिन इतके ओरडायचे, की मागे बसलेल्या आईशी बोलताना आवाज चढवावा लागे. सोलापुरातल्या दोन गॅरेजांनी गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला दिला. तिसऱ्या गॅरेजने तसे काहीही न सांगता आधी मोजणी केली, आणि हा अभिप्राय त्या गॅरेजबद्दल आहे. एमआयडीसीच्या अलीकडे, बाहेर पाटी नसलेले, पत्र्याच्या शेडमधले हे गॅरेज आहे. मिस्त्रींचे वय साठीच्या पुढचे असावे.

मोजणीची रीत सोपी असली तरी ती करून दाखवणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मिस्त्रींनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एकच चाक जॅकवर उचलले, टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूची एकेक रेघ ओढली, आणि पोऱ्याला चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायला सांगून ते स्वतः शाफ्टचे फेरे मोजत गाडीखाली पडून राहिले. एक चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरणे वाटून देणारी पेटी, दुसऱ्याला दुप्पट फिरवते, म्हणून उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा, म्हणजे त्या पेटीतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एक फेरा. शाफ्टचे फेरे पाचला अर्धपाव कमी भरले. पुढे डिफरन्शियल उघडल्यावर क्राऊनला ३९ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८ दात निघाले, म्हणजे प्रमाण ४.८७५. मागच्या मालकाने केव्हातरी एखाद्या जुन्या गाडीतला जोड बसवला असावा, कारण या गाडीला ४१ आणि ९ दातांचा, म्हणजे सुमारे ४.५६ चा जोड हवा, असे त्यांचे मत पडले. टॉप गिअर थेट असल्याने, म्हणजे त्यात इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरत असल्याने, आणि आमच्या चाकाचा घेर अंदाजे २ मीटर असल्याने, खऱ्या ६० च्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,४४० फेरे घेत होते. नव्या जोडाने ते २,२८० वर येणार होते.

हा फरक मला थोडा वाटला. त्याच घराण्यात ४३ आणि १० दातांचा, ४.३ चा जोडही येतो, तोच बसवा असा आग्रह मी धरला. मिस्त्रींनी तो स्पष्ट नाकारला. "काका, इंजिनाची ताकद बघून दात ठरवायचे असतात. तुळजापूरच्या घाटात तुम्हीच मला शिव्या द्याल की ओ," असे ते म्हणाले. जास्त पैशांचे काम समोरून चालून आलेले असताना ते नाकारणे मला फार मोलाचे वाटते.

जोड मिळवताना मात्र मनस्ताप झाला. बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून मी स्वतः मागवलेला पहिला जोड मिस्त्रींनी हातात घेताच बाजूला ठेवला. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. इथे दोन क्रमांक वेगळे होते, म्हणजे दोन गाड्यांचे तुकडे एकत्र बांधून मला विकले गेले होते. पैसे परत मिळायला तीन आठवडे गेले. दुसरा जोड मिस्त्रींनीच ओळखीतून आणला. तो वापरलेला होता, पण क्रमांक जुळत होते आणि दातांवर कुठेही खड्डे नव्हते.

यानंतरचे काम मी जवळजवळ सगळे शेजारी बसून पाहिले, आणि या गॅरेजची खरी किंमत तिथे कळते. दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढून डिफरन्शियल पुढच्या बाजूने उतरवले गेले. बेअरिंगे आणि ऑईल सील नवे घेतले. पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण त्यांनी स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजला. क्राऊनची खेळ, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळी जागा, डायल गेज लावून ०.१५ मिलिमीटरवर आणली, तीही एका जागी नव्हे तर क्राऊन फिरवून चार ठिकाणी तपासली. मग दातांना निळा रंग लावून जोड दोन्ही दिशांनी फिरवला. रंगाचा ठसा दाताच्या शेंड्याकडे उमटला होता, म्हणजे पिनियन क्राऊनपासून थोडे दूर होते. पिनियनच्या डोक्यामागचा वॉशर बदलून किंचित जाड घालायचा, तर दाबून बसवलेले बेअरिंग पुन्हा काढावे लागते. हे त्यांनी दोनदा केले. दुसऱ्या वेळी ठसा दाताच्या मधोमध, लांबट कडधान्याच्या दाण्यासारखा उमटला, तेव्हा त्यांनी मला बोलावून बॅटरीच्या उजेडात तो दाखवला. "आवाज इथंच ठरतो," एवढेच ते बोलले. बऱ्याच ठिकाणी खेळ हाताने हलवून अंदाजाने ठरवतात आणि गाडी महिनाभरात मागून रडायला लागते. आमच्या गाडीचा मागचा भाग आज पूर्ण शांत आहे, अॅक्सिलरेटर दाबतानाही आणि सोडतानाही.

पुण्याच्या पहिल्या फेरीनंतर मी तक्रार घेऊन गेलो होतो. पूर्वी लिटरला १४.६ किलोमीटरचा अॅव्हरेज पडत असे, तो १४.३ झाला होता. मिस्त्रींनी मला महामार्गावर जाऊन दहा किलोमीटरचे दगड मोजून यायला सांगितले. मीटरवर बरोबर दहा भरले. तेव्हा त्यांनी समजावले, की मीटरची केबल गिअरबॉक्सवरून चालते, तिला मागचा जोड कळत नाही, ४.५६ साठी बनवलेला मीटर ४.८७५ च्या जोडावर दर शंभर किलोमीटरला सात जास्त दाखवत होता. म्हणजे माझा जुना अॅव्हरेज खरा १३.६ होता आणि आताचा १४.३ खरा आहे. साठ समजून मी इतकी वर्षे छपन्नानेच चालत होतो. हे आधी सांगितले असते तर माझी एक चक्कर वाचली असती, एवढी तक्रार मात्र मी नोंदवतो.

तोटाही सांगायला हवा : प्रमाण उतरले की चाकांना मिळणारी ओढही कमी होते. सात रस्त्याच्या सिग्नलवरून गाडी भरलेली असताना निघताना क्लच पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ धरावा लागतो. तुळजापूरच्या घाटात पाच माणसे बसलेली असताना जे वळण तिसऱ्या गिअरमध्ये निघत असे, तिथे आता दुसरा घालावा लागतो. ४.३ चा जोड बसवला असता तर काय झाले असते, हे मला त्या वळणावर कळले. ज्यांची गाडी मुख्यतः शहरातच किंवा भार घेऊन चालते, त्यांनी या कामाच्या वाटेला जाऊ नये.

खर्च असा झाला : जोडाचे ८,५०० रुपये, बेअरिंगे, सील आणि गॅस्केटचे ३,४००, ९० नंबरच्या ईपी गिअर ऑईलचे ६०० आणि मजुरीचे ५,०००, एकूण १७,५०० रुपये. मजुरीत दोनदा काढलेल्या बेअरिंगचे वेगळे पैसे लावले नाहीत. वेळ मात्र लागतो. चार दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात अकरा लागले, त्यातले तीन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे पोरे कामावर नसल्याने गेले. मिस्त्री असले काम एका वेळी एकच घेतात, म्हणून जाण्यापूर्वी विचारून जावे.

पाचशे किलोमीटर झाल्यावर त्यांनी बोलावून ऑईल बदलले. निघालेले ऑईल त्यांनी पांढऱ्या फडक्यावर ओतून बोटाने चोळून पाहिले. काळसर होते, पण चुरा नव्हता. गाडी परत देताना काढलेला जुना जोडही त्यांनी डिकीत ठेवून दिला. दोन्हीला ऑईल लावून, क्राऊन आणि पिनियन एकाच कापडात गाठ मारून बांधले होते, आणि गाठीला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर खडूने '३९–८' लिहिले होते.